चुकलेली ओळख दुरुस्त कशी करावी: निसर्गनोंदी करणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या खात्यात प्लेन टायगर फुलपाखराच्या ४१ नोंदी होत्या. एके दिवशी एका अनोळखी सदस्यानं त्यातल्या एका फोटोखाली एवढंच लिहिलं, "मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजून बघाल का?" मोजले. एकच निघाला, तोही पंखाच्या वरच्या कडेला. प्लेन टायगरला पंखाच्या मध्यावर तीन-चार असतात. म्हणजे जिला मी दोन वर्षं प्लेन टायगर समजून मिरवत होते, ती डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी होती. धसकून उरलेल्या ४० नोंदी उघडल्या, तर आणखी सहा तशाच. आणि पाच अशा, की फोटोवरून काहीच सांगता येईना.

चूक कळायला एक मिनिट लागलं. निस्तरायला तीन रविवार गेले, कारण मी सगळं उलट्या क्रमानं केलं. आधी घाबरून दोन नोंदी पुसून टाकल्या, मग ॲपवरचं नाव बदललं पण गटाच्या एक्सेल शीटमधलं तसंच ठेवलं, मग कुठलं बदललं आणि कुठलं नाही हेच विसरले. तुमचे रविवार वाचावेत म्हणून सरळ क्रम इथे लिहिते आहे. उदाहरणं आयनॅचरलिस्ट (सगळ्या सजीवांच्या नोंदींसाठी) आणि ई-बर्ड (फक्त पक्ष्यांसाठी) या संकेतस्थळांवरची आहेत, कारण हौशी नोंदी बऱ्याचदा तिथेच जातात. तुमच्या गटाचा कारभार नुसत्या एक्सेल शीटवर चालत असेल तरी क्रम तोच.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. पाठ्यपुस्तकी मराठीत स्पीशीज म्हणजे 'जाती' आणि जीनस म्हणजे 'प्रजाती'. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. दोघे जण 'प्रजाती चुकली' म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळीच पायरी असते. म्हणून मी खाली स्पीशीज, जीनस (जवळच्या स्पीशीजचा गट) आणि कुळ (जवळच्या जीनसचा गट) हेच शब्द वापरले आहेत. गटातही एकदा ठरवून टाका.

हाताशी काय हवं

- मूळ फोटो किंवा रेकॉर्डिंग, कॅमेऱ्यातून निघालेलं तसंच, न कापलेलं. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत चालत नाही. तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळून गेलेली असते आणि बारकावेही पुसट झालेले असतात.
- त्या दिवसाची वही, खरडलेली असली तरी.
- तुमच्या भागात आढळणाऱ्या त्या गटातल्या स्पीशीजची यादी आणि एखादं फील्ड गाइड. नुसती चित्रं असलेलं नको, 'यांच्यात फरक कसा करावा' हे सांगणारं हवं.
- प्रकल्पाच्या शीटची आजची तारीख टाकलेली वेगळी प्रत. एकाही चौकटीला हात लावण्याआधी ही काढा.
- एक बदलवही: नोंद क्रमांक, जुनं नाव, नवं नाव, कशावरून बदललं, कोणी, कधी. सहा रकाने, बास.

१. चूक नेमकी कुठली ते ठरवा

'ओळख चुकली' म्हणून जे समोर येतं त्यातलं बरंच काही ओळखीची चूक नसतंच, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सगळ्यात साधी म्हणजे हात घसरण्याची. तुम्ही शोधपेटीत 'रॉबिन' टाइप केलंत आणि वर आलेलं पहिलं नाव निवडलंत. रॉबिन नावाचे पक्षी ढीगभर आहेत. अमेरिकन रॉबिन हा कस्तूर पक्ष्यांचा भाऊबंद. युरोपियन रॉबिनचा जीनस वेगळा. चिरक म्हणजे इंडियन रॉबिन आणि दयाळ म्हणजे ओरिएंटल मॅगपाय रॉबिन. पाहिला होता दयाळ, नोंद झाली अमेरिकेतल्या पक्ष्याची. शास्त्रीय नावानं शोधलं तरी सुटका नाही. 'मोरस' हा तुतीचाही जीनस आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याचाही. 'पायरिस' नावाची फुलपाखरं आहेत आणि झुडपंही. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नामकरणाचे नियम स्वतंत्र असल्यानं एकच नाव दोन्हीकडे चालतं. निवडलेल्या नावाशेजारचं छोटं चित्र बघायची सवय लावा, अशा निम्म्या चुका तिथेच अडतील.

दुसरी, फोटोंची सरमिसळ. एका नोंदीत चार फोटो, पहिले तीन एका चतुराचे, चौथा शेजारच्या काडीवरच्या टाचणीचा (चतुरासारखा दिसणारा, पण सडपातळ कीटक). इथे नाव बदलून उपयोग नाही, नोंद फोडायला हवी. आयनॅचरलिस्टवर नोंदीची प्रतिकृती काढता येते. ती काढा आणि दोन्हींतून नको ते फोटो वगळा.

तिसरी, तारीख किंवा जागा. कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर घड्याळ मागे गेलं आणि हिवाळी पाहुणा भर उन्हाळ्यात 'दिसला'. पक्ष्याची ओळख बरोबर, तारीख चूक. नाव अजिबात बदलू नका.

चौथी, कुंडीत किंवा बागेत लावलेलं झाड रानातलं म्हणून नोंदवलेलं. नाव बरोबरच असतं, फक्त 'लावलेलं किंवा पाळलेलं' अशी खूण करायची राहिलेली असते.

आणि पाचवी, जी चूकच नाही: नाव बदललेलं असतं. २०२३ साली ई-बर्डच्या यादीत कॅटल इग्रेटचे ईस्टर्न आणि वेस्टर्न असे दोन स्पीशीज झाले. तुमच्या २०१९ च्या शीटमधला गायबगळा तेव्हा बरोबर होता, आजही पक्षी तोच आहे. असे बदल बदलवहीत वेगळ्या रंगानं लिहा. नाहीतर वर्षअखेर कोणीतरी मोजदाद करून 'आपल्या गटाच्या एवढ्या चुका निघाल्या' म्हणून गळा काढतं.

एवढं चाळून जे उरेल ती खरी ओळखीची चूक. ती दोन प्रकारची: सारख्या दिसणाऱ्या दोघांत गफलत, नाहीतर पुरावा जीनसपुरता असताना स्पीशीजचं नाव ठोकून देणं. माझ्या अनुभवात दुसरी जास्त, पण तिच्याकडे कोणी चूक म्हणून बघतच नाही.

२. नाव झाकून फोटो पुन्हा बघा

एकदा नाव वाचलं की डोळे त्या नावाला साजेसंच बघतात. म्हणून मूळ फोटो नवीन फोल्डरमध्ये काढा, फाइलला नुसता क्रमांक द्या आणि दिसतं ते लिहा. 'नारिंगी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यावर पांढरा पट्टा, मागच्या पंखावर एक काळा ठिपका वरच्या कडेला.' नाव नाही, अंदाज नाही. आणि काय दिसत नाही तेही लिहा: 'पंखांची खालची बाजू दिसत नाही.' हे दुसरं वाक्य पुढे फार कामाला येतं.

वहीतलं वर्णन आणि फोटो जुळत नसेल तर फोटो खरा. रंगांच्या बाबतीत मात्र तसं नाही. सावलीत निळा काळा दिसतो आणि संध्याकाळच्या उन्हात पांढरा बगळाही केशरी.

३. बाजूला उडी मारू नका, एक पायरी मागे या

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. 'हा अ नाही' असं कळलं की लगेच 'मग हा ब असणार' म्हणून दुसरं नाव टाकतात. एक चूक जाते, दुसरी तिच्या जागी बसते, आणि ही नवी चूक 'दुरुस्त केलेली' असल्यामुळे कोणी पुन्हा तपासतही नाही.

अ नाही हे सिद्ध झालं म्हणजे ब सिद्ध झालं असं नव्हे. आधी मागे या: स्पीशीज नक्की नसेल तर जीनस, तोही नसेल तर कुळ, तेही नसेल तर 'कोळी' किंवा 'पक्षी'. जिथे तुम्ही छातीठोकपणे 'एवढं नक्की' म्हणू शकता तिथे थांबा. तिथून पुढचं पाऊल पुराव्यानं टाकायचं. जीनसपर्यंतच गेलेली बरोबर नोंद स्पीशीजपर्यंत गेलेल्या चुकीच्या नोंदीपेक्षा केव्हाही बरी, पण हे पटायला मला वर्ष गेलं. अर्धवट नाव लिहायची लाज वाटायची.

४. दोघांना वेगळं करणारी खूण शोधा

सगळा खरा वेळ या पायरीवर घालवा.

कच्चा माणूस साम्यं मोजतो: नारिंगी आहे, काळी किनार आहे, पांढरे ठिपके आहेत, म्हणजे प्लेन टायगर. साम्यं दहा असली तरी कामाची नाहीत, कारण जुळ्यातही ती दहाच्या दहा असतात. हवी ती एक खूण, जी एकात असते आणि दुसऱ्यात नसते.

प्लेन टायगरच्या सुरवंटानं रुईच्या कुळातली विषारी पानं खाल्लेली असतात, त्यामुळे फुलपाखरू बेचव होतं आणि पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी तेच रूप पांघरून फिरते. (तिचा नर काळा, त्यावर पांढरे मोठे डाग. नर-मादी शेजारी बसवले तर एका स्पीशीजचे आहेत यावर विश्वास बसत नाही.) नक्कल रंगाची, उडण्याची, सगळ्याची. पण मागच्या पंखाचे ठिपके नकलेत सुटले: अस्सल टायगरला मध्यावर तीन-चार, नकली मादीला वरच्या कडेशी एक. शिवाय एगफ्लायच्या पंखांची कड जरा कातरल्यासारखी नागमोडी दिसते. म्हणजे मागचा पंख फोटोत नसेल तर बाकी कितीही सुरेख दिसत असलं तरी निकाल राखून ठेवायचा.

दुसरं उदाहरण सापांचं, कारण तिथे चूक महागात पडते. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघेही निशाचर. 'काळ्यावर पांढरे पट्टे' या खुणेला इथे शून्य किंमत. बघायचं ते असं: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या अंगावर ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं उलट, मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात आणि मागे शेपटीकडे ठळक होतात, बरेचदा जोडीजोडीनं. आणि पाठीच्या मध्यावरची खवल्यांची रांग मण्यारमध्ये इतरांहून मोठी, षटकोनी असते. ही खूण सगळ्यांत भरवशाची, पण ती बघायला पाठीचा स्पष्ट फोटो लागतो, आणि तो लांबूनच, झूम करून काढलेला हवा. ओळखीसाठी सापाजवळ जायचं नाही. साप चावला असेल तर ओळख पटवत बसायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

अशी आणखी काही जोडपी ध्यानात ठेवा, नवख्यांच्या नोंदींत ती हमखास सापडतात:

- शिक्रा आणि पावशा. पावशा उडताना आणि बसताना शिक्ऱ्यासारखा दिसतो. चोच बघा: शिक्ऱ्याची आखूड आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली, पावशाची सडपातळ. पायही बघा, शिकाऱ्याचे पंजे लपत नाहीत.
- मधमाशी आणि मधमाशीचं सोंग घेतलेली होव्हरफ्लाय. पंख मोजा, मधमाशीला चार, माशीला दोन. पंख एकमेकांवर आले असतील तर मिशा बघा, माशीच्या अगदी आखूड.
- विणकर मुंगी आणि मुंगीसारखा कोळी. पाय मोजा. कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरतो, त्यामुळे घाईत सहाच दिसतात.
- कोकीळ नर आणि मादी. नर काळाभोर, मादी तपकिरी आणि ठिपक्यांची. ही तर दोन स्पीशीजची गफलतही नाही, पण दोन नावांनी नोंदवलेली जोडी मी पाहिली आहे.
- वंचक, म्हणजे ढोकरी, विणीच्या काळात आणि एरवी. पाठ मातकटाची तांबूस-किरमिजी होते आणि नवखा माणूस 'नवीन बगळा' शोधल्याच्या आनंदात असतो.

वनस्पतींत नुसत्या पानाच्या फोटोवर फार भरवसा ठेवू नका. फूल, पानाच्या दोन्ही बाजू, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, आणि खोड. एवढं नसेल तर बहुतेक वेळा जीनसवर थांबणं प्रामाणिकपणाचं.

आवाजाच्या नोंदी असतील तर आणखी सावध. ॲप आवाज ओळखतं, पक्षी नव्हे. पल्लवपुच्छ कोतवाल इतर पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की यादीत न आलेला पाहुणा येऊन बसतो. नुसत्या आवाजावरची विरळ पक्ष्याची नोंद असेल तर रेकॉर्डिंग स्वतः ऐका.

फोटोवरून नाव सुचवणाऱ्या सोयीबद्दलही इथेच. ती यंत्रणा ज्या स्पीशीजचे पुरेसे फोटो तिला शिकवले गेलेत तेवढीच नावं जाणते. तुमचा कीटक त्यात नसेल तर 'माहीत नाही' म्हणण्याऐवजी ती त्याच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं नाव पुढे करते, तेही वरच्या क्रमांकावर. ते नाव उमेदवारांच्या यादीत घाला, निकालपत्रावर नको.

५. दुसरं मत घ्या, पण उत्तर न फोडता

गटात फोटो टाकून 'आयडी प्लीज' लिहिलं की तिसऱ्या सेकंदाला एक नाव येतं आणि पुढचे आठ जण त्याला अंगठा देतात. ती आठ मतं नव्हेत, ते एकच मत आहे.

दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. आपला अंदाज सांगू नका. फोटो, महिना, ढोबळ ठिकाण आणि अधिवास एवढंच द्या, आणि प्रश्न असा विचारा: "याला कुठल्या पायरीपर्यंत नेता येईल, आणि कशावरून?" या 'कशावरून'चं उत्तर देणारा माणूस जपून ठेवावा. नुसतं नाव सांगणारे खूप भेटतात.

६. नोंद बदला

आयनॅचरलिस्ट २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून उभं राहिलं. तिथे नाव ठरतं ते मतांवरून. कमीत कमी दोन मतं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त एकमत झालं की नोंदीला रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी असा दर्जा, मिळते. यातला 'हून जास्त' नीट वाचा, सगळी मेख तिथे आहे.

समजा दोघांनी प्लेन टायगर म्हटलंय आणि तुम्ही तिसरे, एगफ्लाय म्हणता. आता तिघांत दोन म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश, जास्त नाही. नोंद रिसर्च ग्रेडवरून खाली येते आणि दोन्ही फुलपाखरांच्या सामाईक पायरीवर, म्हणजे निम्फॅलिडी कुळावर, जाऊन थांबते. एगफ्लाय म्हणून ती पक्की व्हायला त्या दोन चुकीच्या मतांपुढे चार बरोबर मतंही पुरत नाहीत, कारण सहांत चार पुन्हा दोन-तृतीयांशच. पाच लागतात. पण त्या दोघांपैकी एकानं जरी मत मागे घेतलं तर तीन पुरतात, दोघांनी घेतलं तर दोनच. म्हणून नवी मतं गोळा करत फिरण्यापेक्षा जुन्या मतवाल्यांना नम्रपणे विचारणं कितीतरी सोपं.

स्वतःच्या नोंदीत काय करायचं:

अ) नवी ओळख टाका. तुमची जुनी आपोआप मागे घेतली जाते आणि खोडलेल्या रूपात तिथेच दिसत राहते. तेच हवं आहे. नोंद पुसू नका. पुसली की इतरांच्या टिपा, चर्चा, कोणी कसं ओळखलं तो सगळा माग जातो. मी पुसलेल्या दोन नोंदींतली एक तर बरोबर होती.

आ) नवं नाव सुचत नसेल तर जुनं मत नुसतं मागे घ्या किंवा वरची पायरी टाका.

इ) कारण लिहा. एक ओळ पुरे: "मागच्या पंखावर एकच ठिपका, वरच्या कडेला."

ई) ज्यांनी तुमच्या जुन्या नावाला सहमती दिली होती त्यांना त्या टिपेत हाक मारा.

एक सापळा. स्पीशीजचं नाव असलेल्या नोंदीवर तुम्ही जीनस किंवा कुळ टाकलंत की समोर प्रश्न येतो. हिरव्या पर्यायाचा अर्थ: मला स्पीशीज माहीत नाही, पण एवढं नक्की. नारिंगीचा अर्थ: हा तो स्पीशीज नाही किंवा पुराव्यावरून तसं म्हणता येत नाही. हिरव्यानं आधीच्या नावाला धक्का लागत नाही, नारिंगी विरोधी मत म्हणून मोजलं जातं. चुकीचं नाव खाली आणायचं असताना लोक भिडेखातर हिरवं दाबतात आणि मग नोंद हलत का नाही म्हणून विचारतात. उलट, नुसतं आपल्याला येत नाही म्हणून नारिंगी दाबणंही वाईट.

दुसरा सापळा, आभाराची सहमती. कोणीतरी तुमच्या नोंदीला नाव दिलं, तुम्ही 'थँक्यू' म्हणून सहमतीचं बटण दाबलंत. झाली दोन मतं, मिळाली रिसर्च ग्रेड, प्रत्यक्षात मत एकाचंच. योग्य परवाना असलेल्या रिसर्च ग्रेड नोंदी तिथून जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जातात आणि संशोधक त्या उतरवून घेतात. तुम्ही नंतर दुरुस्ती केलीत तर पुढच्या वेळी साठ्यातलं नाव बदलेल, पण आधीच उतरवून घेतलेल्या प्रतीतलं नाही. आभार शब्दांत माना.

ई-बर्डचा मामला वेगळा. २००२ पासून चालू असलेल्या या प्रकल्पात मतदान नाही. यादी तुमची, ती बदलायची तुम्हीच. पडताळणी करणारे स्वयंसेवक असतात. वेगळं काही दिसलं की ते पत्र पाठवून तपशील विचारतात. त्या पत्रानं दुखावून जाऊ नका. ते तुमच्या यादीला हात लावत नाहीत, फक्त ती नोंद सार्वजनिक माहितीत धरायची की नाही ते ठरवतात. चूक पटली तर यादी संपादनात जाऊन त्या ओळीचा स्पीशीज बदला. ओळ काढून नव्यानं टाकलीत तर तिला जोडलेले फोटो आणि टीप गमावून बसाल. आणि खात्री नसेल तर ओळ उडवू नका. पक्षी तर होता ना! यादीत 'अमुक गटातला कोणीतरी' आणि 'हा किंवा तो' असे दोन्ही तऱ्हेचे पर्याय आहेत, ते त्यासाठीच.

शीटमध्ये? जुन्या नावावर नवं नाव कधीच लिहू नका. शेजारी 'सुधारित नाव' असा रकाना करा. शोधा-आणि-बदला हे बटण तर विसरूनच जा. माझ्या ४१ प्लेन टायगरपैकी २९ अस्सल प्लेन टायगरच होते, त्या बटणानं तेही एगफ्लाय झाले असते.

७. त्या चुकीची भावंडं शोधा

चूक एकटी राहत नाही. ज्या दिवशी तुम्ही शिक्ऱ्याला पावशा म्हणालात त्या दिवसापासून तुमच्या डोक्यातला पावशाच चुकलेला होता. म्हणून: त्याच नावाच्या तुमच्या सगळ्या नोंदी, त्याच दिवसाच्या सगळ्या नोंदी (कॅमेऱ्याचं घड्याळ, चुकलेलं ठिकाण), आणि ज्यांना तुम्ही ते नाव शिकवलंत त्यांच्या नोंदी. तिसरा गट लोक सोडतात. माझ्या बरोबर फिरणाऱ्या एका मैत्रिणीकडे चार एगफ्लाय निघाल्या, चारही माझ्या सांगण्यावरून प्लेन टायगर झालेल्या. फोन करून सांगावं लागलं.

मग छापील गोष्टी: गटाचं पोस्टर, वार्षिक यादी, कोणाला पाठवलेली फाइल. बदलवहीतल्या ओळी कापून त्यांना पाठवा.

८. चूक दुसऱ्याची असेल तेव्हा

आधी खात्री करा की चूक खरंच त्याचीच आहे. अनुभवी माणसानं विचित्र नाव दिलं असेल तर पहिलं वाक्य प्रश्नार्थक असू द्या: "यात अमुक खूण मला दिसली नाही, तुम्ही कशावरून ठरवलंत?" दोनदा मला असं विचारून नवी खूण शिकायला मिळाली, चूक माझीच होती.

नवख्याची पहिलीच नोंद असेल तर विरोधी मत टाकण्यासोबत टीप टाकाच, नाहीतर त्याला नुसता विरोधाचा शेरा दिसतो. टिपेत खूण आणि ती फोटोत कुठे बघायची, बास. 'जरा अभ्यास करा' ही टीप नव्हे. आठवडाभर उत्तर आलं नाही तर समजा की माणूस सवडीनं येईल. रोज आठवण करून देणारे मलाही आवडत नाहीत.

आणि चर्चेच्या भरात एक गोष्ट विसरू नका. धोक्यातल्या स्पीशीजची नेमकी जागा आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, प्रत्येक बाजूला ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही. ते झाकलेलं ठिकाण तुम्ही टिपेत 'तळ्याच्या पलीकडच्या वडावर ना?' म्हणून उघड करून बसाल. नोंद साध्या कीटकाची म्हणून उघडी होती आणि दुरुस्तीनंतर ती संरक्षित प्राण्याची निघाली, असंही होतं. तेव्हा नाव बदलल्यावर वर्णनात लिहिलेला पत्ता काढायला विसरू नका.

९. जे सुटत नाही ते

काही नोंदी सुटणार नाहीत. तिथे आयनॅचरलिस्ट विचारतं की पुराव्यावरून ओळख आणखी पुढे नेता येईल का. 'नाही, हीच हद्द' असं म्हटलं आणि नोंद कुळाच्या खालच्या पायरीवर, म्हणजे उदाहरणार्थ जीनसवर असेल, तर तिलाही रिसर्च ग्रेड मिळू शकते. कुळावरच अडकलेल्या नोंदीला तसं म्हटलं तर ती चालू यादीतून बाजूला पडते, म्हणून तिथे घाई करू नका. ओळखीच्या प्रतीक्षेत राहू द्या.

माझ्या त्या पाच तशाच आहेत, निम्फॅलिडीवर. त्यातल्या एकीत फुलपाखरू अगदी समोर, पंख पसरून बसलंय, उजेड उत्तम, फोकस कडक. मागच्या पंखावर जिथे ठिपके मोजायचे, नेमकं तिथे घाणेरीचं एक पान आडवं आलंय.